सोमिलाची साळ

केतकपुरात महीसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या बियाण्यांचे रक्षक होऊन जन्मले होते. त्यांचे नाव क्षेमक. एकशे सात जातींची साळ ते मडक्यांत जपत आणि दरवर्षी प्रत्येकीचा लहानसा वाफा पेरून बी ताजे ठेवीत. कुणाचा दाणा जाडा, कुणाचा लाल, कुणाला लांब कुसळे. दिसायला त्यांत काहीच नव्हते.

त्यांचा गुरुबंधू सोमिल राजाच्या शेतांचा अधिकारी होता. बारा वर्षे लोंबी न् लोंबी निवडून त्याने एक साळ तयार केली. दाणा लांब, शुभ्र, सुवासिक आणि पीक दुप्पट. राजाने तो भात खाल्ला, तोंड भरून स्तुती केली, आणि मग सहज विचारले, "क्षेमकांना कसा वाटला?"

त्या एका प्रश्नाने सोमिलाच्या तोंडची चव गेली.

क्षेमक म्हणाले, "महाराज, असा भात मी आजवर खाल्ला नाही. ही साळ अवश्य पेरावी. मात्र सगळीकडे हीच एक नको. सगळी रोपे एकसारखी असली, तर एकाला जे मारील ते सर्वांना मारील."

सोमिलाला त्यातले फक्त 'नको' ऐकू आले. 'माझ्यावर जळतो आहे,' असे तो मनाशी म्हणाला. त्या दिवसापासून क्षेमकांचे वाफे त्याच्या डोळ्यांत खुपू लागले. खेड्यांतली माणसे त्याची शेते पाहायला येत, पण सुखदुःख सांगायला बसत ती क्षेमकांच्या ओसरीवर. कोण आले, किती वेळ बसले, काय बोलून हसले, यावर सोमिलाचे दुरून लक्ष असे.

शेवटी तो राजाला म्हणाला, "महाराज, त्या वाफ्यांत माझी साळ लावली तर आणखी शंभर माणसे जेवतील." राजाला ते पटले. क्षेमकांनी पुन्हा एकदा समजावून पाहिले. राजा ऐकेना, तेव्हा मडकी गाडीत भरून ते डोंगराकडे निघून गेले. ते भांडले असते तर सोमिलाला बरे वाटले असते.

डोंगरातल्या चाळीस गावांत क्षेमकांनी घरोघरी दोन दोन मुठी बी वाटले. "दरवर्षी पेरा, एवढेच माझे मागणे," असे ते सांगत.

चौथ्या पावसाळ्यात करपा आला. पानांवर राखाडी ठिपके उठले, लोंब्यांच्या माना काळ्या पडल्या. केतकपूरच्या सगळ्या शेतांत एव्हाना सोमिलाची एकच साळ होती. ती एकदमच गेली. सोमिल बांधावर उभा राहून पोचट लोंब्या चुरगाळीत राहिला. कोठारात वर्षभराचे धान्य होते. पण तेही त्याच साळीचे; पुढच्या पेरणीला करप्यात तगेल असे बी नव्हते.

राजाने त्यालाच डोंगराकडे धाडले. तिथे लाल दाण्याची एक जाडीभरडी साळ करप्यातही ताठ उभी होती. घरोघरच्या मुठींच्या आता कणग्या झाल्या होत्या. बायका क्षेमकांना पहिल्या लोंब्या आणून देत होत्या. मागायला आलेला सोमिल तेव्हाही त्या लोंब्या मोजत राहिला.

"ये, सोमिला," क्षेमक म्हणाले. "गाड्या आणल्यास ना? लागेल तेवढे ने."

आत मडक्यांची रांग होती. त्यांत एका मडक्यात सोमिलाला आपले लांब, शुभ्र दाणे दिसले.

"ही का ठेवलीस?" त्याने विचारले. "हिच्यापायी तुला घालवले मी."

"असा दाणा दुसऱ्या कुठल्याच साळीला नाही. दरवर्षी उंचावरच्या वाफ्यात ही वेगळी पेरली, तिथे करपा पोचला नाही. हिचा दाणा आणि त्या लाल साळीचा चिवटपणा एका रोपात आणणारा कुणी पुढे निघेल. कदाचित तूच."

सोमिल त्या मडक्यापाशी बसला. मूठभर दाणे हातात घेऊन म्हणाला, "क्षेमका, मी तुझ्यावर जळत होतो."

"ठाऊक आहे. ऊठ, गाड्या भरायच्या आहेत."

गाड्या केतकपुरात आल्या. राजाने भर सभेत विचारले, "सोमिला, हे बी कुणी राखले?" नाव जिभेवर येईना. मग सोमिल मोठ्याने म्हणाला, "क्षेमकाने. मी त्याला घालवले, तरी त्याने."

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोरच्या तरुण भिक्षूकडे पाहिले. सोबत्याची स्तुती ऐकून सकाळी त्याला घास गेला नव्हता. ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा सोमिल तू होतास. राजा म्हणजे आजचे तुझे उपाध्याय आणि क्षेमक मी. दुसऱ्याचे चांगले आपलेच मानून जपावे, याला मुदिता म्हणतात."