शेजाऱ्याने रंगवायची भिंत

फार फार पूर्वी, राजे पायी फिरत आणि प्रधान मात्र पालखीतून उतरत नसत, त्या काळातली ही गोष्ट. राजधानीच्या वेशीबाहेर एका टेकडीवर गरिबांची वस्ती होती. खाली पाथरवट, मध्ये चुना भाजणारे, वर बुरूड. चढ इतका, की एकाचं अंगण म्हणजे खालच्याचं छप्पर. कामधंदा आटला तसे लोक एकेक करून टेकडी उतरले आणि निम्म्या घरांना कुलपं लागली.

एकदा प्रधानांनी पालखीचा पडदा सारून वर पाहिलं आणि नाक मुरडलं. लगेच दवंडी पिटली गेली. पाडव्यापर्यंत ही टेकडी बघण्याजोगी करा, लोक हौसेने बघायला येतील अशी करा, नाहीतर वस्ती उठवली जाईल.

वस्तीत चुना भाजणारी एक विधवा होती. सगळे तिला काकी म्हणत. तिचा सगळा संसार इथेच झाला होता, आणि मरायचं तेही इथेच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. दवंडी ऐकताच ती कामाला लागली.

तिने घरोघर चुना वाटला. कुणी गेरू आणला, कुणी हळद, कुणी काजळी. जो तो आपापली भिंत रंगवू लागला. काकीने अंबारीचा हत्ती काढला. वरच्या बुरडाने तो पाहिला आणि आपल्या भिंतीवर दोन काढले. त्याच्या शेजाऱ्याने चार. बघता बघता टेकडीवर इतके हत्ती झाले, की राजाच्या पदरीही तेवढे नसतील. शहरातले हौशी लोक धापा टाकत वर आले, दोन घरं पाहून परत फिरले. हत्ती त्यांना रस्त्यात रोजच दिसत होते.

पाडवा महिन्यावर आला. काकीला अन्न गोड लागेना. मग तिला सासूच्या काळची एक रीत आठवली. आपली भिंत आपण रंगवायची नाही, शेजाऱ्याने रंगवायची. आणि त्या घरातल्या माणसाने केलेलं एक चांगलं काम तिथे काढायचं. पुढे लोक आपसात भांडले आणि रीत मोडली. भांडणाऱ्यांत काकी पहिली होती. बुरडाच्या छपराचं पाणी तिच्या चुन्याच्या ढिगावर पडे, म्हणून तिने त्याच्याशी सात वर्षं अबोला धरला होता.

बुरूड बांबू आणायला गेलेला पाहून ती वर गेली. त्याचे हत्ती तिने चुन्याने पुसून टाकले आणि बसून राहिली. दुसऱ्याचं चांगलं आठवायचं तर आधी राग बाजूला ठेवावा लागतो, आणि काकीचा राग चांगला मुरलेला होता. शेवटी तिने चित्र काढलं. आजारी माणसाला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरणारा बुरूड. तो आजारी माणूस म्हणजे तिचा नवरा. अबोला असतानाही बुरडानेच त्याला वैद्याकडे नेलं होतं, आणि तिने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

बुरूड परतला. भिंतीकडे बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

"काकी, छपराला पन्हळ लावायची राहूनच गेली बघ माझ्याकडून," तो म्हणाला.

"पावसाआधी लाव. आधी माझी भिंत घे रंगवायला."

त्याने काढली, उन्हात चढून आलेल्याला पाणी देणारी काकी. ते पाहून बाकीची वस्ती वरमली. कुणी पुढे होऊन शेजाऱ्याला विचारलं, कुणी न विचारताच कुंचला उचलला.

आता येणाऱ्यांना भिंतीवरचा माणूस तिथेच ओट्यावर बसलेला सापडे. ते विचारत, तो लाजत गोष्ट सांगे. गोष्टीत दुपार होई, मग भाकऱ्या थापल्या जात, आणि निघताना कुणी टोपली विकत घेई, कुणी पाटा-वरवंटा. पाहता पाहता टेकडी गजबजली. उतरून गेलेल्यांनी परत येऊन कुलपं उघडली.

पाडव्याला स्वतः प्रधान आले. पायऱ्यांवर पालखी चढेना, म्हणून चालत आले. भिंती पाहून त्यांनी हुकूम मागे घेतला आणि काकीचा जीव भांड्यात पडला. निघता निघता ते म्हणाले, "माझ्याही घराची भिंत रंगवून द्या. माझं एखादं चांगलं काम काढा."

"काढता येईल की, सरकार," काकी म्हणाली. "पण ते तुमच्या शेजाऱ्यानेच काढायला हवं. कोण आहे शेजारी?"

प्रधान म्हणाले, "चौकशी करावी लागेल." त्या दिवशी ते पालखीत न बसता घरी गेले, आणि वाटेत त्यांनी पहिल्यांदाच शेजारच्या घराची कडी वाजवली.

तात्पर्य: जी वस्ती आधी शेजाऱ्यातलं चांगलं बघते, तिला बघायला जग येतं.