न भाजणारी शेगडी

जंगलातल्या ऐनाच्या एका उंच झाडावर एक खार आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे, आणि बरेच दिवस झाले, तिला धड झोप लागत नव्हती. घारीची भीती होती, पण ती नेहमीचीच. तिने झोप जात नाही. मुलांनो, खारीची झोप उडाली होती ती एका शेगडीपायी.

झालं होतं असं. खारीच्या ढोलीत मातीची चूल होती. एके दिवशी चुलीतून ठिणगी उडाली आणि शेजारी बसलेल्या पिल्लाच्या शेपटीवर पडली. शेपटीचे चार केस जळले, तेवढेच. पण त्या दिवसापासून पिल्लू स्वयंपाकघराकडे फिरकेना. गरम पेज पुढे केली की मागे सरे. ज्यातून वाफ निघते त्यात कुठेतरी ठिणगी असतेच, असं त्याचं ठाम मत झालं होतं. दिवसभर ते बाहेरच्या फांदीवर बसून कच्ची उंबरं खाई आणि संध्याकाळी पोट दुखतं म्हणून रडे. त्याचे गाल बसले. खार त्याला उचलून घेई तेव्हा ते रोज आदल्या दिवसापेक्षा हलकं लागे. तसं खरंच होतं की आपल्यालाच वाटतंय, हे तिला कळत नसे, आणि मग ती त्याला पुन्हा एकदा उचलून बघे.

शेवटी तिने ठरवलं, चूल मोडायची. नवी शेगडी आणायची, जिच्याजवळ पिल्लू न घाबरता येईल आणि चार घास गरम खाईल.

आता ही खार चांगली शिकलेली होती. तिचं शिक्षण असं की कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिला लख्ख दिसत, आणि मग त्या दोन बाजूंच्या मधोमध ती बसून राही. म्हणून तिने विचार केला, आपल्या डोक्यावर विसंबायला नको. शेजारपाजारच्या शेगड्या बघू, चार जणांना विचारू, मग ठरवू.

पहिल्यांदा ती अस्वलीणमावशीकडे गेली. अस्वलीणमावशी प्रेमळ आणि हाताने सढळ. तिच्या ओट्यावर गॅसची तीन बर्नरची शेगडी होती आणि तिन्हींवर काही ना काही रटरटत होतं.

"अगं, शेगडी म्हणजे हीच," अस्वलीण म्हणाली. "ज्वाळा दिसते, हवी तशी लहानमोठी करता येते. पातेलं कसलंही चालतं, बुडाला पोचा आलेलं असलं तरी. आणि ही बघ भाकरी." तिने तव्यावरची भाकरी उचलून थेट जाळावर टाकली. भाकरी टम्म फुगली. "कुठल्या दुसऱ्या शेगडीवर फुगेल का अशी? वांगं भाजायचं तर कुठे भाजशील?"

"पण मावशी, ज्वाळा उघडी आहे हो. आणि आमच्याकडे शेपट्या."

"शेपटी जरा आवरून बसायचं की."

"आणि सिलिंडर संपला तर?"

"हत्ती आणून देतो. लग्नसराईत जरा उशीर करतो, तेवढंच. तू किती विचार करतेस गं पोरी? बस, आधी भाकरी खा."

खारीने भाकरी खाल्ली. भाकरी फार सुंदर होती, आणि त्यामुळे तिची काळजी आणखीच वाढली.

मग ती मुंगूसकाकांकडे गेली. मुंगूस भलतंच काटकसरी. त्यांच्याकडे कॉइलची विजेची शेगडी होती. आत तारेचं वेटोळं, चालू केली की लालबुंद होणारं.

"स्वस्त, मस्त," मुंगूस म्हणालं. "भांडं कसलंही ठेव. तापायला वेळ लागतो, पण वेळेचं बिल येत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. बंद केली तरी ही तशीच तापलेली राहते. त्या उरलेल्या आंचेवर मी रोज फुकटात दोन पापड भाजतो."

"म्हणजे बंद असतानाही भाजते?"

"भाजते तर. हाच तर फायदा."

खारीने तिथल्या तिथे ती शेगडी मनातून खोडली.

सगळ्यात शेवटी ती साळुंकीकडे गेली. साळुंकी तिची मैत्रीण. जंगलात काहीही नवं आलं की पहिल्यांदा साळुंकीकडे येई, आणि ते कसं उत्तम आहे हे ती दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगत सुटे. तिच्याकडे होती इंडक्शनची शेगडी. वर गुळगुळीत काळी काच, खाली चार बटणं. ना जाळ, ना धूर, ना लाल वेटोळं.

"हे बघ," असं म्हणत साळुंकीने पाण्याचं पातेलं वर ठेवलं. तुम्ही शंभरपर्यंत मोजाल न मोजाल तोवर पाण्याला उकळी फुटली. "आता हे बघ." तिने उकळत्या पातेल्याच्या शेजारी, काचेवरच, आपला पाय टेकवला. "आहे का काही? गार. तापतं ते भांडं, शेगडी नाही तापत."

"खरंच?"

"तू पण लाव."

खारीने भीत भीत बोट लावलं. काच खरोखरच गार होती. तिला एकदम इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

"फक्त भांडं बुडाला सपाट आणि लोखंडाचं नाहीतर स्टीलचं लागतं," साळुंकी घाईघाईने म्हणाली. "वादळात वीज गेली तर आपण बसायचं गाणी म्हणत. आणि भांडं उचललं की त्याच्याखाली जरा वेळ हात नाही लावायचा. पातेल्याची आंच काचेत उतरलेली असते ना. बाकी काही नाही."

खारीने हे शेवटचंही ऐकलं. नीट ऐकलं.

घरी आल्यावर तिने पिल्लाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आपण एक नवी शेगडी आणतोय. तिच्यात जाळ नसतो."

"ठिणगी?"

"ठिणगी पण नसते."

"ती गरम होते?"

आता इथे खार क्षणभर थांबली. शेगडी गरम होत नाही, भांडं होतं, भांड्यामुळे मात्र काच होते, पण ती थोडाच वेळ, आणि तीही फक्त भांड्याखालचीच. हे एवढं सगळं तिच्या मनात आलं. पिल्लू आईच्या तोंडाकडे बघत होतं. त्याचे कान मागे गेले होते.

"नाही," खार म्हणाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही रे."

पिल्लाचे कान हळूहळू सरळ झाले. ते बघून खारीला वाटलं, आपण बरोबरच बोललो.

शेगडी आली. नव्या शेगडीवर पहिल्यांदा दूध उतू घालायचं, हा जंगलातला रिवाज. सगळ्यांना बोलावणं गेलं. अस्वलीणमावशी दुधाची चरवी घेऊन आली, साळुंकी सूचना घेऊन आली, आणि मुंगूसकाका रिकामा पेला घेऊन आले.

खारीने आपल्या आईने दिलेलं पितळी पातेलं घासूनपुसून ठेवलं होतं. त्यात दूध ओतलं, शेगडीवर ठेवलं, बटण दाबलं. शेगडी टूं टूं वाजली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा टूं टूं.

"पितळ ओळखत नाही ती," साळुंकी म्हणाली. "मी म्हणाले नव्हते का?"

"माझी ओळखते," अस्वलीण म्हणाली.

"तुमची कुणालाही ओळखते, मावशी."

साळुंकी उडत जाऊन आपलं स्टीलचं पातेलं घेऊन आली. दूध त्यात ओतलं आणि सगळे भोवती उभे राहिले. दूध तापलं, सायीला सुरकुती पडली, दूध वर यायला लागलं. आणि खारीचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने आंच कमी केली. दूध खाली बसलं.

"अगं, उतू जाऊ दे की," अस्वलीण म्हणाली.

"हो हो, चुकून झालं."

दूध पुन्हा वर आलं. खारीचा हात पुन्हा गेला. काय करणार बिचारी? जन्मभर दूध उतू जाऊ नये म्हणून जागची न हलता उभी राहिलेली ती. आज मुद्दाम उतू घालायचं म्हणजे हाताला पटेचना.

"हिचे हात बांधा कुणीतरी," मुंगूस म्हणालं. "माझा पेला वाळला."

सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या आवाजाने पिल्लू दारातून आत आलं. पहिल्यांदा नाक, मग कान, मग सगळंच. पिल्लू ओट्यावर चढलं, शेगडीजवळ वाकून जाळ आहे का ते बघून घेतलं, आणि आईच्या शेजारी शेपटी पसरून बसलं. खार त्याच्याकडे बघत राहिली आणि तेवढ्यात दूध वर आलं, कडेवरून घळाघळा काचेवर उतरलं, आणि शेगडी टूं टूं करत आपली आपण बंद झाली.

"झालं बाई एकदाचं," अस्वलीण म्हणाली. तिने पातेलं उचललं आणि पेले भरायला घेतले. साळुंकीने सांडलेलं दूध पुसून काच लख्ख केली. फडकं जाड होतं, तिला काही जाणवलं नाही. पिल्लाला त्याचा पेला मिळाला. ते फुंकर घालून प्यायलं, सगळं प्यायलं, मिशांवर साय लागली. खारीच्या मनात आलं, इतकी साधी गोष्ट होती आणि आपण किती दिवस घालवले.

मग पिल्लाने पेला खाली ठेवला. ज्या शेगडीने आपल्याला काही केलं नाही तिला शाबासकी द्यावी, असं त्याला वाटलं असणार. "शहाणी गं माझी शेगडी," असं म्हणून त्याने मधोमध, पातेलं होतं तिथेच, पंजा टेकवला.

ते जे किंचाळलं ते दूर ओढ्यापर्यंत ऐकू गेलं.

खारीने त्याला उचललं आणि माठातल्या पाण्यात त्याचा पंजा धरला. पंजा लाल झाला होता, फोड आला नव्हता. मागे मोठी माणसं भांडायला लागली होती, कारण मोठ्यांना दुसरं काय सुचतं?

"मी सांगितलं होतं, लगेच हात लावायचा नाही म्हणून," साळुंकी म्हणाली.

"जाळ दिसला असता तर मूल लांब बसलं असतं," अस्वलीण म्हणाली. "न दिसणारी आग ही. परत करून टाक."

"निदान उरलेल्या आंचेवर पापड तरी..." मुंगूस म्हणालं आणि अस्वलिणीने बघितल्यावर गप्प झालं.

पिल्लू हुंदके देत होतं. तेव्हा अस्वलीणमावशी पुढे आली. मूल पडलं की भुईला मार द्यायचा, डोकं आपटलं की खांबाला मार द्यायचा, आणि मूल हसतं, हे आपल्याकडे सगळ्याच घरांत चालतं. अस्वलिणीने शेगडीला एक चापट दिली. "हात् गं. आमच्या बाळाला भाजतेस? घे. ये गं खारे, तूही दे एक."

खारीने चापट द्यायला हात उचलला. पिल्लाचे हुंदके थांबले होते. पण ते शेगडीकडे बघत नव्हतं, आईकडे बघत होतं; अगदी त्या दिवशी मांडीवर बसून बघत होतं तसंच. खारीचा हात हवेतच राहिला. शेगडी काही बोलली नव्हती. बोललो होतो आपण.

तिने हात खाली घेतला आणि ओट्याला टेकून खाली बसली, पिल्लाच्या उंचीला.

"शेगडीने काही नाही केलं," ती म्हणाली. "मी तुला चुकीचं सांगितलं. ही गरम होते. पातेलं तापलं की त्याच्याखालची काच तापते, आणि पातेलं उचललं तरी जरा वेळ तापलेलीच राहते. मला माहीत होतं. तू घाबरू नयेस म्हणून मी नाही म्हणाले."



"मग कळणार कसं, गार झाली ते?" पिल्लाने विचारलं.

"मी पंजा वर धरून बघेन, न टेकवता. तुलाही शिकवते, चल." तिने स्वतःचा पंजा काचेच्या वर, थोडा उंच धरला. बराच वेळ गेल्यावर पिल्लानेही आपला चांगला पंजा आईच्या पंजाशेजारी धरला. खालून अजून ऊब येत होती. ते मागे सरलं नाही.

"आहे अजून," ते म्हणालं.

"हो, आहे."

खारीला वाटलं, आपण सुटलो. पिल्लाने पंजा खाली घेतला, मिशीवरची साय चाटली आणि थोडा विचार केला. मग म्हणालं, "आई, परवापासून माझी शाळा. मला आत सोडून तू दिवसभर बाहेर वडाखाली बसून राहणार आहेस म्हणालीस, ते खरं का?"

तात्पर्य : मुलांनो, शेगडी जाळाची असो, तारेची असो नाहीतर काचेची, प्रत्येक शेगडी कुठेतरी भाजतेच; कुठे भाजते ते जो आधी खरं सांगतो, त्याच्या शेजारी बिनघोर बसावं. आणि आयांनो, एक खरं सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं, तेव्हा तयारीत असावं.