एक टोपली गाळ

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या शिष्यासह एका व्यापाऱ्याच्या गलबतातून दूरदेशी गेले होते. परतीच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याने त्यांना एक प्राचीन नगर दाखवायला नेले. ग्रीकांनी वसवलेले, रोमनांनी वाढवलेले ते बंदर. कधी काळी तिथे शंभर गलबते नांगर टाकून उभी राहत, असे व्यापारी सांगत होता.

शिष्याचे मन मात्र थाऱ्यावर नव्हते. त्याच्या झोळीत थोरल्या भावाचे पत्र होते. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा हा एक दिवस उशिरा पोहोचला आणि भावाने त्याची वाट न पाहता अग्नी दिला. हा भांडला नाही. त्याने मनाला लावून घेतले आणि तेराव्यानंतर मुकाट्याने गाव सोडले. तेव्हापासून दर दिवाळीला भावाचे पत्र येई आणि दर दिवाळीला हा उत्तर टाळी. या वेळी पुतणीचे लग्न अक्षय्य तृतीयेला ठरल्याचे लिहिले होते आणि खाली एक ओळ होती: 'या खेपेस आला नाहीस, तर मी पुन्हा बोलावणार नाही.'

"वाटेत तुमच्या गावच्या बंदरात उतरवू का?" असे व्यापाऱ्याने त्याला दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा शिष्य म्हणाला होता, "पाहू."

तिघे संगमरवरी रस्त्याने चालू लागले. दगडांत रथांच्या चाकोऱ्या अजून होत्या. पडक्या खांबांमधून रानफुले डोलत होती. उन्हे कलली, तसे शिष्याला भासले की शिडे फडफडताहेत, वल्हेकरी एका सुरात गाताहेत, कोणीतरी कोणाला तरी हाका मारते आहे. त्या हाकांमागे तो धक्क्यापर्यंत आला. दगडात दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या, पाण्यात उतरायच्या पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांखाली गव्हाचे शेत होते. वाऱ्याने गहू हलला की लाटच आली असे वाटे. खरा समुद्र दोन कोसांवर, निळ्या रेघेएवढा दिसत होता.

"शत्रूने उद्ध्वस्त केले का हो हे?" शिष्याने व्यापाऱ्याला विचारले.

"छे! नदीच्या गाळाने," व्यापारी म्हणाला.

तेवढ्यात गुरू पायऱ्या उतरून शेतात गेले. बांधावरच्या शेतकऱ्याकडून त्यांनी खुणेनेच कुदळ आणि टोपली मागून घेतली, टोपलीभर माती खणली, डोक्यावरून वर आणली आणि रस्त्यापलीकडे रिकामी केली. मग हात झटकून ते धक्क्यावर बसले. शेतकरी पोट धरून हसत होता. शिष्याला वाटले, गुरुजींना ऊन लागले.

"गुरुजी, एका टोपलीने काय होणार?"

"आज? काहीच नाही. आता हजार माणसे लावली तरी समुद्र इथे यायचा नाही. पण गाळ पहिल्यांदा साचला, तेव्हा तो टोपलीभरच असेल ना रे? तेव्हा कोणीतरी म्हणाले असेल, 'पाहू.' थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात. चिमटी चिमटीने ते बुजतेसुद्धा. त्याला वैरी लागत नाही."

शिष्याचा हात झोळीवर गेला. "अकरा वर्षे झाली, गुरुजी. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"पत्र तुझ्यापर्यंत आले ना?"

"आले."

"मग त्याचे गलबत अजून तुझ्या धक्क्याला लागते आहे. पाणी उथळ झाले असेल, आटलेले नाही. चूक त्याची की तुझी, ते तिथे जाऊन बोला. भांडायचे तर भांडा. अरे, भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो."

गव्हावरून वारा येत-जात राहिला. मग शिष्य पायऱ्या उतरला, शेतकऱ्याची टोपली नीट झटकून त्याला परत देऊन आला आणि व्यापाऱ्यासमोर उभा राहिला.

"मला गावी उतरवा," तो म्हणाला. "लग्नाच्या एक दिवस आधी तरी पोहोचेन ना?"