रुमालाखालचा भाव

खूप जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवत नसेल. त्याच्या राज्यात एक डोंगर होता, डोंगराखाली नदी होती आणि नदीपलीकडे शहर होतं. वर पिकायचं, खाली शिजायचं.

त्या राज्यात भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. घाऊक मालाचे घेणारे-देणारे समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे. एक बोट म्हणजे पायलीला एक नाणं, अख्खा पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसायचा, खाली मांजराचं पिल्लू झाकल्यासारखा.

आता बाईमाणसानं परक्याचा हात कसा धरायचा? म्हणून त्या रुमालाखाली बाईचा हात कधी गेला नाही. पेरायचं बाईनं, खुरपायचं बाईनं, दळायचं-रांधायचंही बाईनं. भाव तेवढा तिनं ऐकून घ्यायचा. शहाण्यांनी पाडलेली रीत होती, तिला नावं कोण ठेवणार?

डोंगरावर एक बाई एकटी राहायची. नवरा गेला होता, पण उतारावरचं शेत आणि हातातलं खुरपं तिनं सोडलं नव्हतं. ती नाचणी पिकवायची. तिची धाकटी बहीण, हौसा, खालच्या शहरात दिलेली. लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या, आणि शेवटचा घास कुणी घ्यायचा यावरून भांडायच्या, तेही 'तू घे, तू घे' म्हणून.

पुढं एका पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला आणि नाव वाहून गेली. नावाड्यानं लाकडं बांधून तराफा केला. तराफ्यावर माल थोडा मावायचा, जिवाला धोका जास्त, म्हणून त्यानं उतराई पायलीमागं एका नाण्यानं वाढवली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. डोंगरावरून माल नेणारा बैलवाला थोरलीला म्हणाला, आक्का, उतराई वाढली, मला तीन बोटं परवडत नाहीत, दोन घे. तिनं घेतली. खाली वाण्यानं विचार केला, आज नाव गेली, उद्या तराफाही जाईल. त्यानं भाव चढवला. सहाची नाचणी आठाला गेली.

पुढल्या वर्षी नवी नाव आली. पण चढलेला भाव म्हणजे गवताच्या गंजीवर चढलेली शेळी. चढते आपल्या पायानं, खाली आणायला मात्र कुणाला तरी तिचे कान धरावे लागतात. कान धरायला कुणी गेलंच नाही.

भावाबरोबर निरोपही त्याच वाटेनं जायचे. हौसानं एकदा बैलवाल्याजवळ निरोप दिला. थोरलीच्या दारात तो असा पोचला, की माहेरच्या माणसांनीच गळा आवळला तर परक्यांना काय बोलावं. थोरलीचं डोकं फिरलं. दोन बोटांत पायली देते, आणि वर ही म्हणते गळा आवळला. तिनं उलटा निरोप धाडला, की फुकटचं खाऊन ढेकर देणाऱ्यांनी बोलू नये. झालं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं, येणं-जाणं तुटलं.

वर्षं गेली. थोरलीच्या शेतात नाचणी चांगली यायची, पण बैलाच्या पाठीवर गेली की हातात काही उरायचं नाही. शेवटी तिनं ठरवलं, आता पुरे. हे शेवटचं पोतं विकायचं आणि नाचणी बंद. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची कणसं बांधलेली होती. तिनं ती खाली काढली आणि सूप घेऊन अंगणात आली. कोंबड्या गोळा झाल्या.

तेवढ्यात कासारीण आली. बांगड्यांची माळ खांद्यावर, गावोगावच्या बातम्या तोंडावर. बसल्या बसल्या म्हणाली, तुझी भाची बाळंत झाली, मुलगी झाली. पण बाळंतिणीला दूध उतरत नाही. वैद्यानं नाचणीची पेज द्यायला सांगितलंय. तुझी बहीण बिचारी तांदळाच्या पाण्यात मूठभर पीठ ढवळून देते.

"मूठभर का? दुष्काळ पडलाय का तिच्या घरात?"

"अगं बाई, खाली नाचणीला हात लावायची सोय राहिली आहे का? सणाला करावी तशी करतात."

"खोटं बोलतेस. कोंबड्यांपुढं टाकावी असा भाव आहे तिला."

"मी बांगड्या विकते, थापा नाही," कासारीण म्हणाली आणि हात झटकून उठली.

थोरली सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. एका कोंबडीनं चोच घातली, तिला तिनं हाकललं. मग कणसं पुन्हा टोपलीत ठेवली. बैलवाला पोतं न्यायला आला, दोन बोटांचे पैसे तिच्या पदरात टाकले आणि निघाला. थोरलीनं दाराला कडी घातली आणि ती बैलांच्या मागं चालू लागली.

"तू कुठं आक्का?"

"माझ्या पोत्यामागं. सासरी चाललंय, पोचवून येते."

तो हसला. नदीवर येईपर्यंत त्याचं हसू टिकलं. नवी नाव, रंग उडायला लागलेली, काठाला उभी होती. थोरलीनं नावाड्याला सहज विचारलं, की जादाचं नाणं अजून घेतोस ना रे बाबा? नावाडी चकित झाला. "ते तराफ्याच्या साली होतं, आई. नाव आली तसं सोडलं."

बैलवाल्यानं नदीकडं तोंड केलं. पाणी संथ होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. पलीकडचा काठ आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "लबाडी नव्हती, आक्का. वाटलं, पुन्हा पूर आला तर? बैल उपाशी मरायचे. म्हणून ते एक बोट धरून ठेवलं."

"भीती तुझी, आणि भरायची मी," थोरली म्हणाली. पण बैलांच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. बैलांची हाडं लागत होती. तिनं ते ध्यानात ठेवलं.

बाजारात वाण्याच्या दुकानापुढं बायांची गर्दी होती. त्यात एक बाई पाठमोरी उभी होती. मान जराशी डावीकडं कललेली, थेट आपल्या आईसारखी. थोरलीचे पाय थांबले. ती बाई वाण्याला म्हणत होती, "मापटं नको, मूठभरच घाल."

वाण्यानं मूठभर घातली. मग पोतं आलेलं पाहून तो पुढं आला, त्यानं आणि बैलवाल्यानं मांड्या घातल्या. वाण्याचा तांबडा रुमाल धुऊन धुऊन मऊ झालेला होता. तो हातांवर पडला आणि हलायला लागला.

थोरली वाकली आणि तिनं तो उचलून घेतला.

असं कुणी कधी केलं नव्हतं. उघड्यावर दोघांचे हात राहिले. बैलवाल्याच्या मुठीत वाण्याचा अख्खा पंजा होता. लोणच्याच्या बरणीत हात सापडावेत तशी त्या दोन मोठ्या माणसांची तोंडं झाली. गर्दीतल्या बाया पुढं सरकल्या.

"या पोत्याला मला पायलीमागं दोन बोटं मिळाली," थोरली म्हणाली. "याला पाच मिळतात. आणि ही बाया-बापड्यांना कितीला पडते?"

 मागून आवाज आला, "आठ."

हौसा वळली होती. हातात तो मूठभर नाचणीचा वाडगा. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. कितीतरी वर्षं प्रत्येकीला वाटत होतं, की दुसरी माझ्या जिवावर गलेलठ्ठ झाली असेल. आणि समोर बघावं तर थोरलीच्या हातांना नुसत्या शिरा, हौसाच्या गालांना खळगे.

"आक्का, तुला दोनच मिळतात?"

"आणि तू आठ देतेस, हौसे?"

मग दोघी रडल्या. नवल असं, की कुणी आपल्यासाठी रडत नव्हतं. थोरली आठावर रडत होती आणि हौसा दोनावर. रडता रडता हौसा म्हणाली, की मी एवढंच विचारलं होतं, आक्काची तब्येत बरी आहे का आणि नाचणी का महागली. निरोपानंही वाटेत वजन धरलं होतं.

वाणी कासावीस झाला. तो म्हणाला, उंदीर खातात, ओल लागते, छप्पर गळतं, आणि पुराची धास्ती म्हणून चार पायल्या जास्त भरून ठेवतो. खोटं बोलत नव्हता. एखादा दुष्ट माणूस सापडला असता, तर त्याला चार शिव्या हासडून गोष्ट इथंच संपली असती. तसा सापडला नाही. सगळे भ्यालेले होते, आणि प्रत्येकानं आपली भीती पुढच्याच्या मापात ओतली होती.

थोरलीनं भाचीच्या पेजेचं सांगितलं, तसा बैलवाला उठला आणि त्यानं आपल्या हातानं पोत्याचं तोंड सोडलं. "घे आक्का, पोरीला ने." वाण्यानं रुमाल मागायला हात पुढं केला होता, तो त्यानं मागं घेतला. थोरलीनं त्याच रुमालात नाचणी बांधली आणि बहिणीच्या घरी गेली. नाचणी भिजली, मोड आले, दळली, पेज शिजली. चार दिवसांत बाळंतिणीला दूध उतरलं. रुमाल धुतला आणि त्यात लेकराला गुंडाळलं. त्या मऊ रुमालाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही चांगलं झाकायला मिळालं.

त्यानंतर त्या बाजारात रुमाल पडला नाही. पोतं ज्याच्या हाती येई, तो मोठ्यानं सांगे, की पेरणारीला इतकं मिळालं, माझं इतकं, आणि ते अमक्यासाठी. बैलांच्या पेंडीचं बोट कुणी नाकारलं नाही, छपराचंही नाही. भीतीची बोटं मात्र उघड्यावर कुणाला उचलता येईनात. खाली भाव उतरला, वर एक बोट वाढलं, आणि मधली माणसंही उपाशी राहिली नाहीत. थोरलीनं घरी जाऊन कणसं पुन्हा आढ्याला बांधली. मृगात ती पेरली.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: जो भाव पेरणारीला आणि रांधणारीला एकमेकींसमोर मोठ्यानं सांगता येतो, तोच न्यायाचा भाव.