सत्तेचाळीस उत्तरं आणि चार ओळी

एकदा एका वृद्ध मोडीवाचकाच्या डोळ्याला पट्टी बांधली गेली, आणि तीनशे डोळस माणसं मिळून किती कमी पाहतात हे त्या पट्टीमुळे उघडं पडलं.

गोष्ट सांगतो, पण आधीच कबूल करतो की आज मी वैतागलेलो आहे. सकाळपासून एका ईमेल चर्चागटाची एकतीस पत्रं माझ्या पेटीत येऊन पडली आहेत. एकोणतीसांत 'वा!' एवढंच आहे. उरलेल्या दोनांत 'कृपया वा लिहू नये' अशी विनंती आहे, आणि तीही सगळ्यांना पाठवलेली. आता हसावं की कपाळ बडवावं तुम्हीच सांगा. असो. तर ऐका.

नदीकाठच्या एका गावात हे वृद्ध गृहस्थ राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. जुन्या मोडी लिपीतले कागद वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणाच्या ट्रंकेतली सनद, कुणाच्या देवळातला करारनामा, काहीही येवो. आबा भिंग लावून बसत आणि कागद बोलू लागे. पुढे पुढे दुरून येणाऱ्यांची पायपीट वाचावी म्हणून त्यांनी ईमेलवर एक चर्चागट काढला. कुणीही आपल्या कागदाचा फोटो पाठवावा, आणि ज्याला तो वाचता येईल त्याने वाचून द्यावा, एवढाच उद्देश. गटाला नाव दिलं 'लेखनसीमा'. जुन्या पत्रांच्या शेवटी हा शब्द असे. आता लिहिणं पुरे, असा त्याचा अर्थ. पण पुरे म्हणतो कोण!

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी आबांना पंधरा दिवस वाचनबंदी केली. दुसऱ्या डोळ्याने तर पूर्वीच हात टेकले होते. म्हणून आबांनी गटाची राखण आपल्या शिष्याकडे, श्रीरंगकडे दिली. श्रीरंग पस्तिशीचा, कॉलेजात इतिहास शिकवणारा, हुशार आणि अतिशय उत्साही. अतिशय या शब्दावर जरा थांबा, कारण घोळ तिथेच आहे.

रोज सकाळी आबा विचारत, "काय रे, कुणाचा कागद आलाय?"

"विशेष काही नाही, आबा. बोरूवर चर्चा चाललीये. मस्त रंगलीये."

बोरू म्हणजे ज्याने पूर्वी लिहीत ती पोकळ काडीची लेखणी. पहिल्या दिवशी आबा हसले. दुसऱ्या दिवशी "बरं" म्हणाले. आठव्या दिवशी, शनिवारी, श्रीरंगचा फोन चहा होईपर्यंत सहा वेळा टुणकन वाजला आणि आबांचा संयम सुटला.

"किती पत्रं झाली म्हणालास?"

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस पत्रं, आणि विशेष काही नाही? बस इथे. आत्ता जे शेवटचं आलंय, ते एकच मला वाचून दाखव."

श्रीरंगने पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "आबा, एकच शब्द आहे. 'सहमत.'"

"कशाशी?"

"म्हणजे... आधी कुणीतरी लिहिलंय, त्याच्याशी."

"मग ते वाच. ज्याच्याशी तो सहमत आहे ते ऐकल्याशिवाय मी कसा सहमत होऊ?"

"त्याच्याखाली मागची सगळी पत्रं चिकटलेली आहेत, आबा. आपोआप येतात ती."

"आपोआप काही येत नाही. त्याने पाठवली म्हणून आली. तीनशे माणसांच्या घरी पाठवली म्हणजे काहीतरी हेतू असणार. वाच. एक अक्षर गाळायचं नाही."

शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याला पट्टीचा कंटाळा आलाय. पण गुरूची आज्ञा! घसा खाकरून त्याने वाचायला सुरुवात केली.

काय सांगू तुम्हाला ते वाचन! 'सहमत'च्या खाली 'अगदी मनातलं बोललात'. त्याच्याखाली 'बोरू उजव्या बाजूने तासावा'. त्याच्याखाली 'डाव्या'. त्याखाली एका गृहस्थांची सही, आणि सहीखाली त्यांनी आजवर भूषवलेली नऊ पदं, माजी उपाध्यक्षपदासकट. त्यांनी अकरा वेळा लिहिलं होतं, म्हणून ती नऊ पदं अकरा वेळा. तिसऱ्या खेपेला श्रीरंग म्हणाला, "आबा, हे मघाशी झालं."

"त्यांना पुन्हा सांगावंसं वाटलं ना? मग आपण ऐकावं. वाच."

पुढे एकाने आपल्या आजोबांच्या बोरूचे सात फोटो पाठवलेले. दुसऱ्याने ते फोटो परत सगळ्यांना पाठवून खाली लिहिलेलं, 'फोटो मिळाले'. एकाने मध्येच कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या. त्याला नऊ जणांची साथ. दोघांचं शाईवरून वाजलेलं. एक म्हणे तुमचा अभ्यास किती, दुसरा म्हणे तुमच्या जन्माआधीपासून. ही भांडणं दोघांनी एकमेकांना फोन करून केली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही! भांडायलासुद्धा आपल्याला मांडव लागतो आणि त्यात पंगत बसलेली लागते.

नऊ वाजता सुरू झालेलं वाचन साडेअकरा झाले तरी संपेना. श्रीरंगचा घसा बसला. दोनदा पाणी झालं. आबा मात्र भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते.

आणि मग एक निराळंच पत्र आलं. गुरुवारचं. श्रीरंगने त्याच सुरात वाचलं.

"'नमस्कार. सर्व दादा-ताईंची पत्रं उघडून बघितली. बोरूचं कळलं. माझ्या चार ओळींचं कुणाला काही कळलं का? सगुणा वाघमोडे.'"

आबा ताठ बसले. "कुठल्या चार ओळी?"

"आठवत नाही, आबा." श्रीरंगने मान खाली घातली. "या पत्राला कुणी उत्तरच दिलेलं दिसत नाही. वरच्या पत्रात लगेच शाईचं भांडण आहे."

"पुढे वाच. भराभर नको. नीट."

आणखी अर्धा तास गेला. अखेर तळ दिसू लागला. तळाच्या वरचं पत्र श्रीरंगने वाचायला घेतलं आणि अडखळला, कारण ते त्याचंच होतं. 'चांगले बोरू हल्ली कुठे मिळतात, कुणी सांगेल का? श्रीरंग.' आणि त्याच्याखाली, अगदी शेवटी, मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारचं ते मूळ पत्र.

त्याचा आवाज खाली आला. "'विषय: खालच्या वाडीचा कागद, चार ओळी. मी खालच्या वाडीत अंगणवाडी चालवते. आमच्या तळ्याचं पाणी वरच्या आळीने कुलूप घालून अडवलं आहे. आमचा हक्क काही नाही म्हणतात. वाडीत एक जुना कागद सापडला, फोटो जोडला आहे. बाकीचा कागद एका गुरुजींनी लावला, पण शेवटच्या चार ओळी लागत नाहीत आणि पाण्याचं त्यातच असावं. तालुक्याच्या कचेरीत सोमवारी सतरा तारखेला अकरा वाजता सुनावणी आहे. इथे रेंज नाही, टेकडीवर चढून पत्र बघते. तेव्हा जमल्यास थोडक्यात लिहावे.'"

आज पंधरा तारीख होती.

"हे तू पाहिलं होतंस?" आबांनी विचारलं.

"पाहिलं होतं." श्रीरंगला खोटं बोलता येत नसे, एवढं त्याच्या बाजूने नोंदवतो. "वाटलं, गटातल्या तंजावरच्या अंबूबाई देतीलच वाचून. आणि मला बोरूचं विचारायचं होतं. नवीन पत्र कोण काढणार, म्हणून समोर जे होतं त्यालाच उत्तर द्यायचं बटण दाबलं आणि लिहिलं."

"तिच्याच विषयाखाली."

"हो."

"म्हणजे तिच्या दारात तू आपलं दुकान मांडलंस, आणि गर्दी बघून लोकांना वाटलं की तिच्याकडेच पाहुणे आलेत." आबांचा आवाज चढला. पंचवीस वर्षांत श्रीरंगने तो असा ऐकला नव्हता. "अरे, ती बाई रोज टेकडी चढते! ते सात फोटो उघडायची वाट बघत दगडावर बसते! आणि उघडून बघते तर काय, बोरू उजवीकडून तासावा! थोडक्यात लिहा म्हणाली रे ती!"

श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता काय करू, आबा?"

"रडू नकोस, लिही. नवं पत्र काढ. कोरं. खाली काही चिकटवलंस तर बघ."

आबांनी सांगितलं आणि श्रीरंगने लिहिलं. विषय: 'तातडीचे. सोमवारी सकाळी सुनावणी, मोडीच्या चार ओळी वाचून हव्यात.' मजकूर: 'फोटो जोडला आहे. फक्त शेवटच्या चार ओळी. ज्यांना लागतील त्यांनीच लिहावे, इतरांनी कृपया काही लिहू नये.' फोटोही फक्त त्या चार ओळींपुरता कापलेला. पत्र गेलं.

मग आबा म्हणाले, "कपाटातला तो लाल रुमाल आण." रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचं फडकं. श्रीरंगने गाठ सोडली. आबांनी न बघता, बोटांनी चाचपून, एक लांब कागद ओढला.

"ही एका सरदाराने दरबारात पाठवलेली यादी. तू शंभरदा वाचली असशील. कशी लिहिलीये सांग."

"एकेक मागणी, म्हणजे एकेक कलम. प्रत्येकाखाली जागा कोरी सोडलेली. त्या जागेत दुसऱ्या हाताने लिहिलेलं उत्तर."

"आणि उत्तर किती?"

"एक ओळ. कुठे नुसतं 'द्यावे'. कुठे 'चौकशी करून सांगू'."

"ते 'द्यावे' कशाला लागू, असा प्रश्न पडतो तुला?"

"नाही. वरतीच कलम आहे."

"हं. त्या कारकुनाला कागद महाग होता, बोरू झिजत होता, सांडणीस्वार चाळीस कोस दौडत होता. म्हणून तो विचार करायचा की दुसऱ्या टोकाला जो कागद उलगडेल त्याला काय हवं आहे. नव्या कामाला नवा कागद घ्यायचा. जेवढ्याचं उत्तर द्यायचं तेवढंच कलम वर ठेवायचं. आज तुम्हाला पाठवणं फुकट झालं, श्रीरंग, म्हणून तुम्हाला वाटलं वाचणंही फुकट आहे. वाचणाऱ्याचं आयुष्य खर्च होतं रे. आज सकाळचे तीन तास तुझे गेले, तेव्हा तुला समजलं. तिचे आठ दिवस गेले. आणि ज्याच्यापाशी बोलण्यासारखं काही नाही त्याने गप्प बसणं, हीसुद्धा सभेची सेवाच असते. मी उगीच नाही नाव लेखनसीमा ठेवलं!"

पन्नास मिनिटांनी तंजावरहून अंबूबाईंचं उत्तर आलं. बाई ऐंशीच्या घरात, पण अक्षर बघताक्षणी ओळखत. त्यांनी वाचलं होतं: 'तळियाचे पाणी वरचे आळीस चार रोज व खालचे वाडीस तीन रोज, येणेप्रमाणे वंशपरंपरेने चालवावे. कोणी हरकत करू नये.' आणि खाली एक ओळ, 'आधीच्या पत्राला एवढी उत्तरं बघून समजले की काम झालं, म्हणून उघडलंच नाही, क्षमा असावी.'

श्रीरंगने ते सगुणाबाईंना लगेच पाठवलं. पत्राखाली अंगणवाडीचा नंबर होता, तो लावला, लागला नाही. शनिवारी संध्याकाळी काही आलं नाही. रविवारी सकाळी नाही, दुपारी नाही. श्रीरंग सारखा फोन उघडून बघत होता. आठ दिवस रोज चढणाऱ्या बाईने नेमकी आता आशा सोडली असेल तर? तिने का सोडू नये? आबाही पट्टीखालून दाराकडे तोंड करून बसून राहिले.

सोमवारी चार वाजता फोन वाजला. सगुणा वाघमोडेंचं पत्र.

"वाच," आबा म्हणाले.

वाचायला एक क्षण पुरला. मागची पत्रं नव्हती, सही नव्हती, पदं नव्हती. अंबूबाईंच्या वाचनातला तेवढाच भाग तिने वर ठेवला होता: 'खालचे वाडीस तीन रोज.' त्याच्याखाली तिचे शब्द: 'साहेबांनी वाचून घेतले. कुलूप काढले. आज पाणी आले.'

त्या बाईने दरबारची यादी जन्मात पाहिली नव्हती. चर्चागटाचे नियमही कुणी तिला शिकवले नव्हते. तिला पाणी हवं होतं आणि टेकडी चढावी लागत होती, बस.

श्रीरंगला भरून आलं. अंगठा सवयीने खाली गेला, 'सर्वांना उत्तर' या बटणावर टेकला, आणि 'वा! फारच'पर्यंत लिहूनही झालं. मग तो थांबला. त्याने ते दोन शब्द पुसले, फोन पालथा ठेवला आणि लाल रुमालाची गाठ बांधायला घेतली.

"काय लिहीत होतास?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

आबा हसले, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून स्वस्थ झोपले.

वाचकहो, या गोष्टीशी आपण सहमत असाल, तर हात जोडून विनंती आहे की मला तसं कळवू नका.