येसाक्काचा झिरा

चपला तिकडं काढा पाव्हणं, आणि करवंटीला लगेच हात लावू नका. हा ओढ्यातला झिरा. दिसायला वाळूतला हातभर खड्डा, पण इथलं पाणी घ्यायचं तर आधी आपली एक चूक मोठ्यानं सांगावी लागते. ऐकायला कुणी असो नसो. हसताय? हसा खुशाल. येसाक्कापासून चालत आलंय हे.

तीन वर्षं आभाळ कोरडं गेलं होतं म्हणे. विहिरी आटल्या, उरला हा एक झिरा. त्याला लोखंड लावायचं नाही, करवंटीनं अलगद पाणी काढायचं, असा दंडक. बायकांच्या पाळ्या लावायला गावानं येसाक्काला बसवलं होतं, कारण तिच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा.

तिची लेक त्या दिवसांत बाळंत झालेली. वाट्याची घागर पुरेना. एका भर दुपारी ओढ्यात चिटपाखरू नव्हतं. येसाक्कानं मनाशी म्हटलं, जरा खोल केलं तर जास्त साचेल, सगळ्यांनाच होईल. घरनं पहार आणली आणि दोन घाव घातले. तळाशी चिकणमातीचा थर होता, तोच पाणी धरून होता. तो फुटला. डोळ्यांदेखत पाणी खाली गडप झालं. बाई घाबरली. वाळू लोटली, पहार लपवली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.

संध्याकाळी एकच कल्लोळ. काठावर मायाप्पा धनगराची मेंढरं बसली होती. त्यांनीच झिरा तुडवला म्हणून लोक काठ्या घेऊन धावले. मायाप्पा शांतपणे म्हणाला, "आक्काला इचारा. ती दिसभर हितंच हुती. ती खोटं बोलायची न्हाई."

येसाक्कानं मान खाली घातली. बोलली काहीच नाही. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि मायाप्पाला तहानलेल्या मेंढरांसकट हाकलून दिलं.

त्यानंतर तिला घास उतरेना. तीन कोसांवरनं आणलेलं पाणी ओठाशी आलं की मायाप्पाचे शब्द आठवायचे. भैरोबाला नवस बोलली, उपास धरले, देवळात बसून राहिली. कशानं म्हणून जिवाला थारा मिळेना. वर लोक म्हणायचे, "गावाची काळजी किती करते बघा!" ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नवव्या दिवशी गाव पारावर जमला असता ती उभी राहिली. "झिरा मी फोडला. पहारीनं. मायाप्पाची मेंढरं खाली उतरलीसुद्धा नव्हती." कुणी अंगावर धावलं नाही. धाकटी जाऊ तेवढी म्हणाली, "अगं आक्के, आमच्या हातनं पाप करवलंस की गं!"

ती ओढ्यात गेली. आपल्या वाट्याचं पाणी घालून चिकणमाती मळली, फुटका थर हातांनी लिंपला, आणि तिथंच उन्हात तिला झोप लागली. नऊ दिवसांतली पहिली झोप. जाग आली तेव्हा बोटं पाण्यात होती, असं सांगतात. खरं-खोटं भैरोबाला ठाऊक. मला विचाराल तर पाणी यायच्या आधीच तिचं मन निवलं होतं. मग ती मायाप्पाला शोधत गावोगाव हिंडली. तो सापडला नाही. शेवटपर्यंत म्हणायची, "झोप लागतीया आता. लाज तेवढी राहू दे."

आजही धनगर या वाटेनं जातात. मेंढरांना इथं पोटभर पाजतात, पण स्वतः थेंबही घेत नाहीत. आम्ही बाजूला उभे राहतो. प्या म्हणावं, तर कोणत्या तोंडानं म्हणावं?