पाचवी ओंजळ

“हे आकडे ऐकूनसुद्धा माणसं उठून घरी कशी जाऊ शकतात, सिस्टर?”

डॉ. केतकी राजवाडेंनी हे दारातूनच विचारलं, आणि अशा आवाजात की व्हरांड्यातल्या बाकापर्यंत ऐकू जावं.

खरात सिस्टरनी हातातला फोन खाली ठेवला. घाटाखालच्या त्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, केतकीमॅडमचे तीन महिने. मॅडमना सुवर्णपदक मिळालेलं होतं आणि ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

“कोण चाललंय घरी?”

“ती वैजंता. पहिलटकरीण, नववा लागलाय. बीपी एकशे छप्पन्न, एकशे सहा. लघवीत प्रोटीन, डोकं ठणकतंय. आजच्या आज जिल्ह्याला पोचायला हवी. सासू म्हणते, गुरुवारी ओटी भरायची आहे, शुक्रवारी नेऊ.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“स्पष्ट सांगितलं. झटके येतील, बाळ जाईल, आईही जाईल. न्यायचं नसेल तर इथं सही करा.”

“वैजंतासमोर?”

मॅडमनी हातातला केसपेपर उलटा केला.

“चला. आधी परत मोजू.”

“मी तीनदा मोजलंय, सिस्टर.”

“भांडता भांडता मोजलंत.”

सिस्टरनी वैजंताला आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग खुर्चीत पाठ टेकून बसवलं. पाय जमिनीवर, हात टेबलावर. दंडाला पट्टा बांधला आणि समोर स्टूल ओढून स्वतःही बसल्या.

“आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मॅडम, तुम्हीसुद्धा.”

…

मॅडमना ती पाच मिनिटं जाता जाईनात. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या बघत बसल्या. वैजंताच्या मनगटात बांगड्या रुतल्या होत्या. सासूनं, ठकूबाईनं, पदराचं टोक मुठीत गच्च धरून ठेवलं होतं. मघापासून ही बाई हट्टी आहे असं मॅडमना वाटत होतं. आता ती घाबरलेली दिसत होती.

…

सिस्टरनी मोजलं. “एकशे बावन्न, एकशे चार.”

“म्हणजे मी बरोबरच होते.”

“होतात की. पण मघा त्यात तुमच्या रागाचाही वाटा होता. आताचं नुसतं तिचं आहे. आता मलाही घाई झाली.”

मग त्या सासूकडे वळल्या.

“ठकूबाई, ओटी भरल्याशिवाय नेली तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?”

ठकूबाईनं मुठीतलं पदराचं टोक सोडलं.

“माझी मोठी सून अशीच जीपात घालून न्हेली. वटी राह्यली. मोकळ्या वटीनं गेली आन् मोकळीच आली.” तिनं वैजंताकडे पाहिलं. “ही तर बिनआईची पोर हाय. हिला मी तशी न्हाई धाडायची.”

मॅडमनी सकाळपासून या कुटुंबाला वीसेक प्रश्न विचारले होते. हा एक विचारला नव्हता. त्यांना आपलीच लाज वाटली.

“मग गुरुवारपर्यंत थांबायचं कशाला?” सिस्टर म्हणाल्या. “आत्ताच भरू.”

स्वयंपाकघरातून गहू आले, फाटकासमोरच्या टपरीवरून नारळ. हळदीकुंकू आयामावशींच्या खोलीतल्या देवापुढचं. खण सिस्टरच्या कपाटात होता. तो तिथं कधीपासून आणि कशासाठी होता, हे कुणी विचारलं नाही.

“तोवर मॅडम, बीपीची गोळी द्या. झटक्यासाठीचं इंजेक्शनही देऊन टाका.”

मॅडमनी दोन्ही दिलं. हात धुऊन वळल्या, तर सिस्टरनी ताट त्यांच्याच पुढं केलं.

“मी? अहो, मी असलं काही मानत नाही. तुम्हीच भरा ना.”

सिस्टरनी ताट तसंच पुढं धरलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं. एकोणीस वर्षं मोकळं होतं, आणि मॅडमना ते तीन महिन्यांत पहिल्यांदा दिसलं.

मॅडमचा हात स्वतःच्या मंगळसूत्राकडे गेला, आणि त्यांनी ताट घेतलं.

वैजंतानं पदर पसरला. सुवर्णपदकवाल्या हातांनी कुंकू लावलं ते वाकडं, आणि गहू घातले ते निम्मे फरशीवर.

“अशी चिमूट चिमूट न्हाई, डॉक्टरीणबाई,” ठकूबाई म्हणाली. “वंजळ भरून घाला. पाच येळा.”

एक. दोन. तीन. चार.

पाचव्या वेळी ठकूबाईनं त्यांचा हात धरला.

“थांबा. ही सिस्टरनी घालायची.”

“ठकूबाई…” सिस्टर मागं सरल्या. “माझ्या हातानं नको.”

“हिचा नवरा जल्मला तवा याच हातात आला व्हता. घाला.”

सिस्टरनी दोन्ही हात ताटात घातले. ती पाचवी ओंजळ मात्र भरून निघायला बराच वेळ लागला.

…

वैजंतानं ओटी कमरेला खोचली आणि स्वतःच उठून उभी राहिली. “चला, आत्याबाई.”

मॅडम गाडी बोलवायला फोनकडे धावल्या.

“गाडी दारात उभी आहे,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही व्हरांड्यात आवाज चढवलात ना, तेव्हाच बोलावली होती.”

मॅडम स्वतः गाडीत बसल्या. वैजंताला डाव्या कुशीवर निजवलं. वाटेत दोनदा बीपी मोजलं, दोन्ही वेळा आधी गप्प राहून.

“बाई, वटीतलं सांडंल का वो?” वळणावर वैजंतानं विचारलं.

“मी धरलीय,” मॅडम म्हणाल्या.

जिल्ह्याला त्याच संध्याकाळी सिझर झालं. मुलगी, दोन किलो दोनशे. चौथ्या दिवशी फोन आला की आईचं बीपी उतरतंय, दोघी सुखरूप आहेत.

फोन ठेवून मॅडम सिस्टरपाशी गेल्या. चार दिवस पोटात ठेवलेला प्रश्न त्यांनी अगदी हळू आवाजात विचारला.

“सिस्टर, खरं सांगा. तुमचा ओटीवर विश्वास आहे?”

सिस्टर यंत्राचा पट्टा गुंडाळत होत्या. पूर्ण गुंडाळून झाला…

“माझा गाडीवर आहे, मॅडम. बाई तिच्यात बसली पाहिजे, एवढंच.”